गुड स्टँडिंग कुणी द्यायचे?



अध्यक्षाने पहिली दहा मिनिटे आभारात घालवावीत, असा आपल्याकडचा रिवाज आहे. संयोजकांचे आभार मी या एका वाक्यात मानते आणि विषयाला हात घालते, कारण जेवणाची वेळ जवळ आली की अध्यक्षाचे कुणी ऐकत नाही.

युरोपात जमलेल्या मराठी डॉक्टरांपुढे निर्वासितांचे गाऱ्हाणे कशाला, असे काहींना वाटेल. आपण व्हिसा घेऊन, विमानाने आलो. पदवी, गुणपत्रिका, इंटर्नशिपचा दाखला, सगळे साक्षांकित करून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणले. काही कमी पडलेच तर नाशिकला विद्यापीठात भावाला नाहीतर मेहुण्याला पिटाळले. साहेब जागेवर नाहीत, उद्या या, असे दोनचारदा झाले, पण कागद आला. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे गुड स्टँडिंग, म्हणजे या डॉक्टरविरुद्ध काही कारवाई चालू नाही हा दाखला, तोही आला. इथल्या बहुतेक कचेऱ्यांना तो तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, म्हणून काहींनी पुन्हा मागवला. जीव मेटाकुटीला आला, तरी मागायला जागा होती.

आता अलेप्पोच्या सर्जनचा विचार करा. २०१२ च्या जुलैत सिरियाच्या सरकारने दहशतवादविरोधी कायदे केले आणि त्यांच्या आधारे विरोधी बाजूच्या जखमीवर उपचार करणे हाच गुन्हा ठरू लागला. ज्याने तळघरात टाके घातले आणि त्यापायी देश सोडला, त्याने त्याच सरकारच्या वकिलातीत जाऊन माझ्याविरुद्ध काही तक्रार नाही असे लिहून मागायचे? तक्रार तर होतीच, म्हणून तर तो इथे आला. शिवाय ज्या सरकारच्या भीतीने आश्रय मागितला, त्याच्याच दारात गेलास म्हणजे भीती खरी नसावी, असा अर्थ इथले अधिकारी काढतील ही धास्ती वेगळीच.

मी जर्मनीत काम करते, म्हणून तिथलेच सांगते. परदेशी पदव्यांच्या मान्यतेचा केंद्रीय कायदा तिथे १ एप्रिल २०१२ पासून लागू आहे. डॉक्टरांचा परवाना, अप्रोबात्सिओन, राज्य सरकारे देतात. राज्ये सोळा, आणि कचेऱ्यांच्या तऱ्हा त्याहून जास्त. अर्जाचा निकाल तीन-चार महिन्यांत लागावा अशी मुदत आहे. पण ही मुदत कागदपत्रे पूर्ण झाल्या दिवसापासून मोजतात. निर्वासिताची फाइल पूर्णच होत नसेल, तर त्याचे घड्याळ सुरूच होत नाही. कायदा मोडला असे कुणालाही म्हणता येत नाही, आणि माणूस मात्र दोन-दोन वर्षे गोदामात खोकी उचलत राहतो.

परीक्षेविषयी माझी काहीच तक्रार नाही, हे स्पष्ट सांगते. वैद्यकीय भाषेची परीक्षा तुमच्यापैकी अनेकांनी दिली आहे. वीस मिनिटे पेशंट, वीस मिनिटे लेखन, वीस मिनिटे वरिष्ठ डॉक्टर. पेशंटच्या भूमिकेतला माणूस पोट धरून बसतो, मध्येच आपल्या कुत्र्याची काळजी सांगू लागतो, आणि त्याला न दुखावता तुम्हाला दुखणे कधी सुरू झाले, ताप आहे का, कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे का, हे काढून घ्यायचे असते. मग घाईघाईत ते सगळे पत्रात उतरवायचे. शेवटी तोच रुग्ण वरिष्ठांपुढे मांडायचा, पण आता लॅटिन-ग्रीक नावांनी. या तासाभरात उमेदवार वॉर्डात उभा राहू शकेल का, हे बऱ्यापैकी कळते. त्यापुढची ज्ञानाची परीक्षा तर मेडिसिन आणि सर्जरी दोन्ही उलटेपालटे करून विचारते. घ्या, कडक घ्या. रुग्णाच्या जिवाशी खेळ नको, हे मला कुणी शिकवायला नको.

माझा मुद्दा असा की, परीक्षा हातात असताना कागदासाठी अडवू नका. जर्मन कायद्यातच तशी सोय आहे: अर्जदाराच्या हाताबाहेरच्या कारणाने कागद मिळत नसतील, तर त्याला सरळ ज्ञानाच्या परीक्षेला बसवता येते. अडचण अशी की कागद मिळत नाहीत हे सिद्ध करायलाही कचेरी कागद मागते. लेथवरच्या कारागिराची गत तुलनेने बरी. त्याला कार्यशाळेत नेतात, ड्रॉइंग हातात देतात, भाग घडवायला सांगतात आणि तज्ज्ञ शेजारी उभे राहून पाहतात. कागद नसलेल्यांसाठी ही तरतूद त्या २०१२ च्या कायद्यानेच केली. फिटरला जमते ते सर्जनला का नाही?

१९५१ च्या निर्वासितविषयक कराराचे २५ वे कलम तर फारसे कुणी उघडूनही पाहत नाही. परक्या नागरिकाला एरवी स्वतःच्या सरकारकडून मिळणारी कागदपत्रे निर्वासिताला आश्रय देणाऱ्या देशाने करून द्यावीत, आणि उलट पुरावा नसेल तोवर ती खरी मानावीत, असे ते सांगते. भारताने या करारावर सही केलेली नाही, जर्मनीने केली आहे. १९९७ च्या लिस्बन कराराने पदव्यांबाबत हेच पुढे नेले. २०१७ पासून युरोप परिषद निर्वासितांना मुलाखत घेऊन पात्रतेचा एक पासपोर्ट देते. उरलेसुरले कागद आणि दोन जाणकारांनी घेतलेली सविस्तर मुलाखत यांवर तो ठरतो आणि पाच वर्षे चालतो. डॉक्टरकीचा परवाना त्याने मिळत नाही, ही त्याची मर्यादा. पण विद्यापीठाला किंवा मालकाला दाखवायला हातात काहीतरी असते.

गरज पडली की मात्र कागदाची अडचण कशी विरघळते, पाहा. १९३८ मध्ये ऑस्ट्रियातून पळालेल्या डॉक्टरांपैकी अवघ्या पन्नास जणांना ब्रिटनने पुन्हा शिकून पात्र होण्याची मुभा दिली. तिथल्या आपल्या व्यवसायबंधूंचा विरोध होता, हे लपवण्यात अर्थ नाही. १९४१ मध्ये युद्धामुळे डॉक्टर कमी पडले आणि निर्वासित डॉक्टरांची तात्पुरती नोंदणी लगेच सुरू झाली. जर्मनीने २०१५ मध्ये निर्वासित डॉक्टरांना छावण्यांत, परवानाधारक डॉक्टरच्या जबाबदारीवर, इतर निर्वासितांना तपासायची तात्पुरती परवानगी दिली. फक्त त्यांनी स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचे नाही, अशी अट होती. मार्च २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा सॅक्सनीच्या वैद्यकीय परिषदेने परवाना न मिळालेल्या परदेशी डॉक्टरांनाही मदतीला या म्हणून हाक दिली. डिसेंबर २०२४ मध्ये सिरियाचे सत्ताधीश असद पळाले, तेव्हा जर्मन रुग्णालयांच्या संघटनेला पहिली काळजी पडली ती पाच हजारांहून अधिक सिरियन डॉक्टर परत गेले तर छोट्या गावांतली रुग्णालये कशी चालायची, याची.

  

आपल्या मुलांसाठी वाट रुंद होते आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. उद्या नर्सिंग झालेली मुलगी आणि सिरियाहून आलेला परिचारक एकाच खिडकीपुढे उभे राहतील. आमच्या मुलांच्या जागा जातील, हे वाक्य काल चहाच्या वेळी माझ्या कानावर आले. ग्रामीण रुग्णालयांत रात्रपाळीला माणूस मिळत नाही, हे तुम्हाला-मला ठाऊक असताना हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही.

दुपारच्या सत्रात एक ठराव येतो आहे. भाषेच्या परीक्षेच्या तयारीसाठी दर महिन्याला एक शनिवार आपण सराव-पेशंट म्हणून बसावे, आणि कागदांअभावी अडकलेल्या अर्जदारांना सरळ परीक्षेला पाठवावे असे निवेदन सोळाही राज्यांच्या कचेऱ्यांना द्यावे, असे त्यात म्हटले आहे. मसुद्यात ‘सभासदांच्या सवडीनुसार’ असे शब्द घुसले आहेत. ते काढावेत, अशी दुरुस्ती मी खाली सभागृहात बसून मांडणार आहे, त्यामुळे त्या सत्राचे अध्यक्षपद उपाध्यक्षांनी सांभाळावे. सराव-पेशंट व्हायला तयार असलेल्यांनी नोंदणीच्या टेबलावरच्या वहीत नाव, शहर आणि कोणता शनिवार जमेल ते लिहावे. पहिले नाव माझे आहे, महिन्याचा दुसरा शनिवार.