कठीण प्रश्नपत्रिका आणि कठीण परिस्थिती
(सिंदी (रेल्वे) येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेचा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. कापसाचा भाव, सोयाबीनची खरेदी, रोजगार हमी, हे आपले नेहमीचे विषय. पण बारावी झालेला मुलगा वा मुलगी ज्या घरात आहे, तेथे निकालानंतरचे दोन महिने कापसाच्या भावाइतकीच चिंता एका आकड्याची असते. त्या आकड्याचा अर्थ ज्याला ठाऊक असतो तो त्यातून मार्ग काढतो. ज्याला ठाऊक नसतो तो फसतो किंवा निराश होतो. ज्ञानाच्या या विषमतेवर कुणाचा तरी धंदा चालतो, आणि म्हणून हा विषय राजकीय आहे.

एका शेतकऱ्याने मला आपल्या मुलीचा एमएचटी-सीईटीचा निकाल दाखवला. पीसीएम गटात ब्याऐंशी पर्सेंटाइल. बापाला वाटले, मुलीला शंभरापैकी ब्याऐंशी गुण मिळाले, आता नागपुरातले उत्तमोत्तम महाविद्यालय निश्चित. चारच दिवसांनी एका दलालाने त्याला नेमके उलटे सांगितले: या गुणांवर कोठेच काही होणार नाही, संस्थास्तरावरील जागा मिळवून देतो, पैसे आधी टाका. दोन्ही समजुती खोट्या होत्या. पहिल्या समजुतीने बाप गाफील राहिला, तर दुसरीने तो सावकाराच्या दारापर्यंत पोहोचला. त्या दोन खोट्यांच्या मधले खरे काय, ते आज समजून घेऊ.

सीईटीचा पीसीएम गट दोनशे गुणांचा. गणिताचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचे मिळून शंभर प्रश्न, प्रत्येकी एक गुण. वेळ एकशे ऐंशी मिनिटे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. परंतु निकालपत्रावर जो आकडा छापून येतो तो या दोनशेंतला नव्हे. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर, अनेक दिवस व अनेक सत्रांत होते, आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. मग कठीण पत्रिका वाट्याला आलेल्या मुलावर अन्याय होऊ नये म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातील मुलांशी करतात. समजा, एका सत्रात वीस हजार मुले बसली आणि त्यांपैकी सोळा हजार चारशे जणांचे गुण तुमच्या मुलीइतके किंवा तिच्याहून कमी आहेत. सोळा हजार चारशेला वीस हजारांनी भागून शंभराने गुणले की ब्याऐंशी येतात. हाच पर्सेंटाइल, ज्याला शततमक म्हणतात. किती प्रश्न सुटले हे तो सांगत नाही. रांगेत आपल्या मागे किती जण उभे आहेत, एवढेच तो सांगतो.

आता रांगेचा हिशेब पाहू. २०२५ साली पीसीएम गटाची परीक्षा चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. सोयीसाठी चार लाख धरा. मग एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजार मुले. नव्व्याण्णव पर्सेंटाइलच्या पुढे चार हजार, पंच्याण्णवच्या पुढे वीस हजार, नव्वदच्या पुढे चाळीस हजार, आणि आपल्या ब्याऐंशीच्या पुढे बहात्तर हजार. शंभर पर्सेंटाइल मिळवणारे त्या वर्षी बावीस होते. ब्याऐंशीचा आकडा ऐकून ज्या बापाने छाती फुगवली, त्याला हे बहात्तर हजार कुणी दाखवले नव्हते.

पण दलालाचे म्हणणेही खोटेच होते. राज्यात अभियांत्रिकीच्या जागा आज सुमारे दोन लाख आहेत आणि त्यांतल्या कित्येक दरवर्षी रिकाम्या राहतात. म्हणजे ‘प्रवेश मिळेल का’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोठे मिळेल, कोणत्या शाखेत मिळेल आणि किती शुल्कात मिळेल, हे खरे प्रश्न आहेत. शिवाय परीक्षेला बसलेले सगळेच प्रवेशाच्या रांगेत येत नाहीत. कुणी जेईई देऊन नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी जातो, कुणी दुसरी वाट धरतो. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत नाव नोंदवणाऱ्यांचीच गुणवत्तायादी लागते, आणि त्या यादीतील क्रमांक हा खरा क्रमांक. दोघांचे पर्सेंटाइल सारखे असतील तर आधी गणिताचे पर्सेंटाइल पाहिले जाते. हे ध्यानात ठेवा, पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

क्रमांक एक असला तरी रांगा अनेक आहेत. खुल्या जागांची एक, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग यांच्या वेगवेगळ्या, मुलींसाठी तीस टक्क्यांची समांतर तरतूद, आर्थिक दुर्बलांची वेगळी, शिक्षण शुल्क माफीच्या जागांची आणखी निराळी. अनेक महाविद्यालयांत जागांचा मोठा वाटा त्या विद्यापीठक्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी असतो. आपल्या वर्धा जिल्ह्यासाठी ते क्षेत्र राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे. म्हणून सेवाग्राम, वानाडोंगरी वा नागपूर येथील महाविद्यालयाच्या बाबतीत सिंदीच्या मुलीचा क्रमांक पुण्याच्या मुलीइतकाच असला तरी तिची संधी निराळी असते. मागासवर्गीय विद्यार्थ्याचा विचार आधी खुल्या जागेसाठी होतो आणि तेथे जागा नसेल तर राखीव जागेसाठी, हेही आपल्या घराघरांत पोहोचलेले नाही.

ज्याला कटऑफ म्हणतात त्याविषयीही गैरसमज फार. महाविद्यालय अगोदर कोणतीही मर्यादा ठरवत नाही. त्या रांगेतून त्या शाखेत शेवटी जो विद्यार्थी शिरला त्याचा क्रमांक म्हणजे कटऑफ. यंदा संगणक शाखेकडे लोंढा वाढला तर स्थापत्य शाखेचा कटऑफ आपोआप खाली येतो. त्यामुळे गेल्या वर्षीचे आकडे दिशा दाखवतात, हमी देत नाहीत. पसंतीक्रम तीनशेपर्यंत भरता येतात. यंत्र क्रमांकानुसार एकेका विद्यार्थ्यापाशी येते, त्याची यादी वरून खाली वाचते आणि जी पहिली मोकळी जागा सापडेल ती देते. कठीण वाटणारे महाविद्यालय वर लिहिल्याने खालच्या जागेवरचा हक्क जात नाही. म्हणून यादी मनापासूनच्या इच्छेच्या क्रमाने लिहावी, अंदाजाच्या क्रमाने नव्हे. मात्र २०२५ पासून चार फेऱ्या झाल्या आणि त्यांत एक अट आहे: पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसरीत पहिल्या तिनांपैकी एखादी मिळाली, तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली, तर ती घ्यावीच लागते. जेथे जायचेच नाही असे नाव शेजाऱ्याचे पाहून वर लिहिले, तर तेच पदरात पडते.

आणि आता दलालाचा खरा धोका. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क यांत पूर्ण सवलत दिली. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या जागेला आहे, संस्थास्तरावरील जागेला नाही. इतर मागासवर्गातल्या त्या शेतकऱ्याच्या मुलीला जी जागा शुल्काविना मिळू शकत होती, त्याच तोडीच्या जागेसाठी दलाल त्याला वर्षाला लाखाच्या खाईत ढकलत होता. केवळ एका आकड्याचा अर्थ न कळल्यामुळे!

मित्रहो, इथवर व्यवहार झाला. आता तत्त्वाकडे वळू.

ही रांग लावण्याची पद्धत निसर्गाने दिलेली नाही. एके काळी बारावीच्या गुणांवर प्रवेश होत. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडले आणि देणग्यांचा बाजार मांडला गेला. तो आवरण्यासाठी १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे १९९३, २००२ आणि २००५ चे निकाल आले, सामाईक परीक्षा आली. २०१४ व २०१५ ही दोन वर्षे जेईई व बारावी यांचे गुण निम्मे-निम्मे धरले गेले, आणि २०१६ पासून पुन्हा राज्याची सीईटी आली. आज बारावीच्या गुणांना केवळ पात्रतेपुरती किंमत उरली आहे. परिणाम काय? शासनाच्या पैशाने चालणारा वर्ग ओस आणि खाजगी शिकवणीचा वर्ग तुडुंब. ज्याला नागपूर वा लातूरला दोन वर्षे ठेवण्याची ऐपत आहे त्याचा मुलगा प्रश्न सोडवण्याचा वेग विकत घेतो. नव्वद मिनिटांत गणिताचे पन्नास प्रश्न सोडवणे ही बुद्धीची कसोटी आहे, त्याहून अधिक ती सरावाची आहे, आणि सरावाला पैसा लागतो.

त्यात भाषा. भौतिक व रसायन हे विषय मराठीतून देता येतात, गणिताची पत्रिका मात्र इंग्रजीतच. दोनशेंपैकी शंभर गुण गणिताचे, बरोबरी झाली तर निवाडाही गणितावर. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला तिच्या सर्वांत मोलाच्या विषयात परक्या भाषेत उभे केले जाते. डॉ. लोहियांनी इंग्रजीच्या सत्तेविरुद्ध आवाज उठवला तेव्हा त्यांना हेकट म्हणून हिणवले गेले. हे एक उदाहरण त्यांची बाजू मांडायला पुरेसे आहे.

२७ एप्रिल २०२५ रोजी सकाळच्या सत्रात गणिताच्या एकवीस प्रश्नांचे पर्याय चुकले होते. गदारोळ झाला, आणि ५ मे रोजी सुमारे सत्तावीस हजार विद्यार्थ्यांची परीक्षा पुन्हा घेण्यात आली. ते योग्यच झाले. पत्रिकेतील दोषाचे ओझे विद्यार्थ्याने वाहू नये, हे शासनाने मान्य केले. पर्सेंटाइलचे सारे गणितही याच न्यायबुद्धीवर उभे आहे: ज्याच्या वाट्याला कठीण पत्रिका आली, त्याची तुलना तीच पत्रिका सोडवणाऱ्यांशी करा.

माझा प्रश्न एवढाच आहे. कठीण पत्रिकेची भरपाई होते, तर कठीण परिस्थितीची का नाही? एकीकडे सकाळी कापूस वेचून दुपारी वर्गात बसणारी, भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा रिकामी असलेल्या महाविद्यालयातून बारावी झालेली मुलगी. दुसरीकडे वातानुकूलित वर्गात रोज सराव-परीक्षा देणारा मुलगा. दोघांचे दोनशे प्रश्नगुण एकाच तराजूत घालायचे आणि त्याला गुणवत्ता म्हणायचे! सत्रागणिक तुलना शक्य असेल, तर तालुक्यागणिक वा शाळेगणिक तुलनाही शक्य आहे. विद्यार्थी आपल्याच शाळेतील, आपल्याच तालुक्यातील मुलांत कोठे उभा आहे याला काही वजन देणे हे त्याच गणिताचे पुढचे पाऊल आहे. लोहियांनी ज्याला विशेष संधी म्हटले, त्याचा अर्थ हाच. ती दया नव्हे, मोजमाप दुरुस्त करणे आहे.

कुणी म्हणेल, बारावीला वजन दिले तर नकला वाढतील. ही शंका खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. पण तिचे उत्तर परीक्षाकेंद्र सुधारण्यात आहे, सरकारी वर्ग मारून शिकवणीचा बाजार पोसण्यात नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात येथून जवळच, वर्ध्याला, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा विचार देशापुढे ठेवला गेला. काम करणारा हात आणि विचार करणारे डोके यांची फारकत होऊ नये, हे त्याचे सार. त्याच जिल्ह्यात काम करणाऱ्या हातांची मुले आज रांगेत मागे ढकलली जात आहेत.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. गणिताची पत्रिका मराठीतूनही मिळावी. बारावीच्या गुणांना, शाळेतील स्थानाच्या आधारे, पुन्हा वजन मिळावे. प्रत्येक तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयांतील विज्ञान शिक्षकांच्या रिक्त जागा भराव्यात आणि तेथेच विनामूल्य सरावाची सोय व्हावी. सरकारी महाविद्यालयांतील जागा वाढाव्यात.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत काय? निकालाच्या आठवड्यात सेलूच्या सेतू केंद्रापाशी आणि सिंदीच्या स्थानकापाशी आपल्या कार्यकर्त्यांचे एकेक टेबल असले पाहिजे. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास ही कागदपत्रे वेळेत निघाली की नाहीत ते पाहा. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच शाळेमार्फत करवून घ्या, कारण पुष्कळ जागा गुणांअभावी नव्हे, एका कागदाअभावी जातात. पसंतीक्रम भरताना मुलीच्या शेजारी बसा, पण यादी तिची तिला लिहू द्या.

त्या शेतकऱ्याने दलालाला पैसे दिले नाहीत. आमच्यातील एकाने त्याला बहात्तर हजारांचाही हिशेब सांगितला आणि दोन लाखांचाही. हे काम गावोगाव करायला मोठा निधी लागत नाही. एक कागद, एक पेन्सिल आणि त्या घरात तासभर बसण्याची तयारी एवढे पुरते. तेवढी तयारी ठेवून आपण येथून उठू या.