वैयावृत्त्य आणि वृद्धांचा रक्तदाब



रिद्धपूर ही सेवेची भूमी आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनंतर नागदेवाचार्यादी अनुयायी येथे येऊन वृद्ध श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. जैन धर्मातही सेवेचे स्थान उच्च आहे. तत्त्वार्थसूत्रात आभ्यंतर तपाच्या सहा भेदांत वैयावृत्त्य गणले आहे आणि सेवेस पात्र अशा दहांमध्ये ‘ग्लान’ म्हणजे रुग्ण येतो. उपवास हे बाह्य तप, तर शुश्रूषा हे आभ्यंतर तप. वृद्धांच्या रक्तदाबात या दोहोंची गाठ पडते.

रक्तदाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही. म्हणून गोळी चुकल्याची खंतही वाटत नाही. चौविहार पाळणारे कित्येक ज्येष्ठ रात्रीची गोळी सोडतात, पर्युषणात औषध बंद ठेवतात आणि घरी सांगतही नाहीत. काही औषधे एकाएकी थांबविल्यास दाब उसळी घेतो. उलट, लघवी वाढविणारी गोळी घेऊन निर्जल उपवास केल्यास शरीरातील पाणी घटते, उठताना भोवळ येते आणि पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. यास्तव व्रतापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. दिवसातून एकदा घ्यावयाची गोळी पुष्कळदा नवकारशीनंतर घेता येते. मात्र वेळ आणि मात्रा त्यांनीच ठरवावी.

घरच्यांनी एवढे अवश्य करावे. वृद्धांस पाठ टेकून पाच मिनिटे स्वस्थ बसवावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा, बोलू न देता दाब मोजावा व वहीत टिपावा. नंतर उभे करून एका व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांस कळवावे. दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत असावे. तिथीला हिरवी भाजी वर्ज्य म्हणून पापड-लोणच्यावर भागविणाऱ्या घरांनी याचा विशेष विचार करावा.

‘आता वयच झाले, औषध कशाला?’ हा समज खरा नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ऐंशीपुढील ३,८४५ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी आढळले. भारतात २०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आरंभीच्या जिल्ह्यांत विदर्भातील वर्धा व भंडारा होते. दाब मोजणे, औषध देणे आणि न आलेल्या रुग्णाची चौकशी करणे, ही कामे त्यात परिचारिका व आरोग्य कर्मचारी पार पाडतात. यश त्या नित्य पाठपुराव्यात आहे.

परिचारिका महिन्यातून एकदा भेटते. सून, मुलगा, नातू रोज जवळ असतात. तपस्व्याचा पारणा थाटाने होतो. तोवर त्याची गोळी, पाणी आणि तोल यांकडे लक्ष ठेवणाऱ्याचेही ते तपच होय. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घरी एक वही उघडली जावी, हीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.