पांच धरणें आणि आलेखाची शिस्त



घोडेगांव हें आंबेगांव तालुक्याचें मुख्य ठिकाण. घोड नदीच्या कांठीं वसलेल्या या गांवाच्या पश्चिमेस, नदीच्या वरच्या अंगास, डिंभ्याचें धरण आहे. कुकडी प्रकल्पांत हें एक, आणि शेजारच्या जुन्नर तालुक्यांतील येडगांव, माणिकडोह, वडज व पिंपळगांव जोगे हीं चार, अशीं पांच धरणें येतात. त्यांचें पाणी पुणें, अहिल्यानगर व सोलापूर या जिल्ह्यांतील शेतांना मिळतें. पावसाळा सरला म्हणजे कोणत्या धरणांत किती पाणी उरलें, हा प्रश्न वरच्या गांवांत आणि खालच्या गांवांत सारख्याच कळकळीनें विचारला जातो. उत्तर आंकड्यांत असतें. पण आंकडे वाचणारे थोडे, आलेख पाहणारे पुष्कळ. म्हणून संगणकाच्या आज्ञावलीनें आलेख काढतांना संस्थेनें आपली एक ठराविक रीत कां व कशी पाळावी, याविषयीं आज चार शब्द बोलणार आहें.

रीत म्हटली कीं शोभेचा विषय वाटतो. तो तसा नाहीं. समजा, एका धरणाचा सांठा शेंकडा ८० होता, तो ७६ वर आला. उभा अक्ष शून्यापासून शंभरापर्यंत धरला, तर स्तंभ विसाव्या हिश्शानें उतरलेला दिसेल. तोच अक्ष कोणीं ७५ पासून सुरू केला, तर पूर्वीच्या उंचीचा एक पंचमांश स्तंभच उरेल. पाणी तेंच, आंकडा तोच. पण एका आलेखानें दिलासा मिळतो आणि दुसऱ्यानें धास्ती बसते. एका आठवड्यास एक रीत व पुढच्या आठवड्यास दुसरी, असें झालें, तर काढणाऱ्याच्या मनांत कपट नसतांनाही वाचणारा फसतो.

टक्केवारीचीही अशीच गोष्ट आहे. डिंभ्याचा उपयुक्त सांठा सुमारें १२.५ टीएमसी, तर वडजचा जेमतेम १.१७. एक टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, अथवा सुमारें २८.३ दशलक्ष घनमीटर. तेव्हां वडज कांठोकांठ भरलें आणि डिंभें शेंकडा २० वर आलें, तरी डिंभ्यांत वडजच्या दुपटीहून अधिक पाणी असतें. नुसत्या टक्क्यांच्या आलेखांत हें उलटें भासतें. म्हणून टक्क्यांशेजारीं टीएमसीचा आंकडा लिहावाच, असा नियम संस्थेनें एकदां करून ठेवावा.

आतां हा नियम पाळावयाचा कसा? तोंडीं सांगून तो टिकत नाहीं. माणूस बदलला कीं रीत बदलते. आज्ञावलीचा मोठा गुण असा, कीं रीत एका ठिकाणीं लिहून ठेवतां येते. पायथॉन भाषेंत मॅटप्लॉटलिब नांवाचें आलेखसाधन आहे. त्यास एक साधी मजकुराची फाइल देतां येते. अक्षरांचा टंक व आकार, रेघांची जाडी, रंगांचा क्रम, पार्श्वभागावरील जाळी, चित्राची लांबीरुंदी, हें सर्व तींत ओळीओळीनें नोंदवावें. मग प्रत्येक आलेखाच्या आरंभीं ती फाइल वापरण्याची एकच आज्ञा पुरते. आर भाषेंतील जीजीप्लॉट २ या साधनांतही अशी सोय आहे. बीबीसीच्या आंकडेवारी विभागानें २०१९ सालीं त्यावर आधारलेला बीबीप्लॉट हा आपला संच सर्वांस खुला केला. त्यांतील एक आज्ञा अक्षरें व जाळी संस्थेच्या रीतीस आणते. दुसरी शीर्षक डावीकडे सरकवून, तळाशीं आंकड्यांचा उगम नोंदवून चित्र जतन करते. मात्र रेघांचे व स्तंभांचे रंग ती पहिली आज्ञा ठरवीत नाहीं. ते काढणाऱ्यानेंच सांगावे लागतात.

हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. रंग क्रमानें वाटले, तर एखाद्या दिवशीं येडगांवचा आंकडा आला नाहीं कीं माणिकडोहचा रंग वडजकडे जावयाचा. म्हणून धरणाचें नांव आणि त्याचा रंग यांची जोडी आज्ञावलींत पक्की लिहावी. तांबडा व हिरवा यांतील भेद ज्यांस दिसत नाहीं त्यांच्यासाठीं ओकाबे व इतो या जपानी संशोधकांनीं आठ रंगांची माळ सुचविली आहे. तींतून पांच निवडावे.

मराठीस आणखी एक अडचण येते. मॅटप्लॉटलिबच्या दीर्घकाळ प्रचारांत असलेल्या आवृत्त्यांत देवनागरीची जुळणी नीट होत नाहीं. जोडाक्षरें सुटीं पडतात, आणि ‘डिंभे’ या शब्दांतील पहिली वेलांटी ‘ड’च्या मागें जाऊन बसते. चित्र एसव्हीजी प्रकारांत जतन करून अक्षरें अक्षरेंच ठेवावींत, असें त्याच फाइलींत लिहिलें, तर तीं न्याहाळकाकडून बहुधा शुद्ध उमटतात. मात्र पाहणाऱ्याच्या यंत्रांत देवनागरी टंक असला पाहिजे. ज्या धरणाचें पाणी त्याच गांवच्या लोकांस आपल्या धरणाचें नांव धड वाचतां येऊं नये, ही गोष्ट किरकोळ नव्हे.

फाइल सर्व कांहीं करील, असें मात्र मानूं नये. स्तंभ शून्यापासून उभा आहे कीं नाहीं, तारीख लिहिली कीं नाहीं, हें पाहणारा डोळा माणसाचाच हवा. पाण्याचें आवर्तन ठरविण्यास कालवा सल्लागार समिती बसते, तेव्हां मतभेद व्हावयाचेच. ते पाण्यावरून व्हावे. आलेखाच्या रेघांवरून होऊं नयेत. एवढें साधलें, तरी त्या लहानशा फाइलीचें काम झालें, असें मी म्हणेन.