बोटभर माशाची भूक



अध्यक्षाने भाषणात आधी स्वतःची अपात्रता सविस्तर सांगायची, असा आपल्याकडे प्रघात आहे. जेवणाची वेळ जवळ आली आहे, म्हणून तो भाग मी वगळतो. खाऱ्या पाण्याच्या लहान टाकीत हट्टी मासे कसे जगवायचे यावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं. मी एकाच माशावर बोलणार आहे. तो म्हणजे मँडरिन. आपल्या छंदातले बहुतेक घोळ या एका माशात सापडतात.

मँडरिन पाहून भुलला नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. निळ्या अंगावर नारिंगी वेलबुट्टी. बहुतेक माशांचा निळा रंग हा त्वचेतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा खेळ असतो. याच्या त्वचेत मात्र खरंखुरं निळं रंगद्रव्य असतं. अंगावर खवले नाहीत, त्यांच्याऐवजी जाड बुळबुळीत थर. लांबी जेमतेम 6-7 सेंटिमीटर. पोहण्याचा फारसा उत्साह नाही, दिवसभर दगडांवरून टुणुक टुणुक फिरणार. साहजिकच 40 लिटरची टाकी असलेल्या माणसाला वाटतं की हा मासा आपल्यासाठीच जन्माला आला आहे. दुकानदारही तसंच सांगतो.

पण लांबी मोजून माशाचं घर ठरवता येत नाही. रियुक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवाळखडकांत हा मासा काय करतो, ते पाहा. तिथे तो कोपेपॉड, ॲम्फिपॉड, बारीक किडे, बारीक गोगलगायी, माशांची अंडी असं एकेक टिपून खातो. एका वेळी एक घास, आणि असे घास दिवसभर. भरपेट जेवून निवांत पडावं, असं त्याचं आयुष्यच नाही. कोपेपॉड म्हणजे एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा जीव. तो दगडाच्या भेगांत वाढतो, तिथेच त्याची वीण होते. 40 लिटरच्या टाकीत भेगा किती आणि कोपेपॉड किती? मँडरिन पहिले काही आठवडे मजेत दिसतो, कारण तो साठ्यातलं खात असतो. साठा संपला की डोक्यामागचा मांसल भाग खचतो, पोट आत जातं. आपण त्याच्यापुढे दाणे टाकतो, तो बघतही नाही, आणि आपण म्हणतो, मासा फार नखरेल आहे! बिचाऱ्याला त्या दाण्यांत खाण्यासारखं काही दिसतच नाही. जे हलत नाही, ते सहसा त्याच्या लेखी अन्न नव्हे.

मग दाणे जास्त टाकावेत का? छोट्या टाकीत तोच सर्वांत घातक उपाय. न खाल्लेला दाणा कुजतो, अमोनिया वाढतो, आणि पाणी थोडं असल्यामुळे तो लगेच बाधतो. जिवंत कोपेपॉड खाल्ला गेला नाही तर कुजत नाही, उलट वाढतो. माझं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे.

जिवंत खाद्यातल्या आर्टेमियाबद्दल, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जिवाबद्दल, थोडं सविस्तर बोलतो, कारण त्यावर आपल्याकडे फार विसंबतात. अंडी खाऱ्या पाण्यात हवा आणि उजेड देऊन ठेवली की साधारण एका दिवसात पिल्लं निघतात. ती ताजी असतानाच खाऊ घालायची, कारण पोटातला बलक तासागणिक आटत जातो. काही जण ताज्या पिल्लांना लगेच ओमेगा-3 चं पोषक द्रावण पाजायला बसतात. नव्या पिल्लाचं तोंडच उघडलेलं नसतं! पहिली कात टाकल्यानंतर ते खायला लागतं. द्रावण तेव्हा द्यावं. टरफलं मात्र आधी वेगळी काढा. एका बाजूने उजेड धरला की पिल्लं तिकडे धावतात, टरफलं मागे राहतात. भरवताना पंप दहा मिनिटं बंद, आणि पिल्लं टाकीत ठेवलेल्या एका अरुंद तोंडाच्या छोट्या बरणीत पिचकारीने सोडायची. मँडरिन आत शिरायला शिकतो, दांडगे शेजारी बाहेर राहतात.

घराबद्दल थोडक्यात. 40 लिटर समुद्री पाण्यात सुमारे 1400 ग्रॅम मीठ असतं. वैशाखात दोन लिटर पाणी उडालं तर मीठ तेवढंच राहतं, आणि लिटरमागे 35 ग्रॅमचे जवळजवळ 37 होतात. भर घालायची ती गोड्या, आरओ पाण्याची. खाऱ्या पाण्याची नव्हे. शेजारी किंवा खाली एक छोटी जोडटाकी ठेवा, तिच्यात कीटोमॉर्फा शेवाळ वाढू द्या. मासे तिथे पोचत नाहीत, म्हणून कोपेपॉड तिथे नांदतात आणि थोडे थोडे मुख्य टाकीत येत राहतात. एवढी सोय असली तरी 200 लिटरपेक्षा लहान किंवा वर्षभर न मुरलेल्या टाकीत समुद्रातून पकडलेला मँडरिन ठेवू नये, असं माझं मत आहे. हट्टच असेल तर टाकीत जन्मलेला घ्या. फ्लोरिडातल्या ओआरए या कंपनीने 2010 च्या सुमारास असे मँडरिन बाजारात आणले. त्यांना गोठवलेल्या खाण्याची सवय लावता येते. आणि काही मासे कुणीच घेऊ नयेत. एक फुलपाखरू मासा जवळजवळ केवळ ॲक्रोपोरा प्रवाळावरच जगतो. त्याला खायला घालणार काय? समुद्रघोड्यांचा मोह ज्यांना होतो, त्यांना आठवण देतो की 2001 पासून ते आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत.

आपल्याच देशात काय चालतं, तेही बघा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपम इथे क्लाउनफिशची पैदास करून दाखवली. माशाचं पिल्लू वाढवायचं तर आधी सूक्ष्म शेवाळ वाढवावं लागतं, त्यावर रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव, आणि मग कुठे पिल्लू. हा क्रम तिथे कुणी चुकवत नाही. आपण हौशी लोक मात्र उलट चालतो: मासा रविवारी आणतो आणि चाऱ्याची चौकशी सोमवारी करतो.

म्हणून अध्यक्ष या नात्याने दोनच मागण्या. सभासद दुकानदारांनी माशाच्या पेटीवर किमतीशेजारी तो काय खातो आणि समुद्रातला की टाकीत जन्मलेला, हे लिहावं. गिऱ्हाइकाने मागितलं तर त्याच्यासमोर खाऊ घालून दाखवावं. दुसरी मागणी सोपी आहे. शेजारणीकडून विरजण आणावं तसं आपण एकमेकांकडून कोपेपॉडचं बियाणं आणू. एकाचं मेलं तर दुसऱ्याकडे असेल. घरी बियाण्याच्या दोन बाटल्या ठेवा, एक कधीतरी दगा देतेच. पाणी हिरवट राहील इतकंच सूक्ष्म शेवाळ घाला, हवेचे बुडबुडे मंद ठेवा.

बाहेर टेबलावर अशा बाटल्या मांडल्या आहेत, मागायला संकोच करू नका. ज्यांच्या घरी टाकी आहे पण मासा अजून यायचा आहे, त्यांना आधी द्याव्यात, अशी संयोजकांना विनंती करतो.