गहाणवटीतील घड्याळे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर काळ मोजणाऱ्या यंत्राविषयी बोलण्याची संधी मिळावी, हे आम्ही आमचे भाग्य समजतो. आजचा विषय मनगटावरच्या घड्याळाचा नाही. साखळीला अडकवून कोटाच्या वा बंडीच्या खिशात ठेवले जाणारे जुने घड्याळ, आणि तेही सराफाच्या किंवा सावकाराच्या पेढीवर बुडीत गहाण म्हणून पडून राहिलेले, हा आमचा विषय आहे.

ही घड्याळे आपल्या देशात आली कशी, हे प्रथम पाहू. फाव्र-ल्युबा या स्विस घराण्याने १८६५ साली मुंबईशी व्यापार जोडला. पुढे वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळे मुंबई-कोलकात्याच्या दुकानांतून देशभर गेली. त्यांना मोठे गिऱ्हाईक लाभले ते रेल्वेमुळे. गार्ड आणि स्टेशनमास्तर यांना नेमकी वेळ लागे, आणि ती वेळही त्या काळी एक नव्हती. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी कोलकात्याने आपली स्वतंत्र वेळ १९४८ पर्यंत व मुंबईने १९५५ पर्यंत सांभाळली. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असे. रेल्वे, टपाल आणि लष्कर यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे दूरदेशी स्थिरावली, त्यांतील कित्येकांच्या ट्रंकेत असे एखादे घड्याळ होते.

घरावर प्रसंग आला की अशी वस्तू पेढीची पायरी चढते. इंदूरचा सराफा घ्या, चेन्नईचे साहुकारपेठ घ्या अथवा कोलकात्याचे बहूबाजार घ्या. व्यवहाराची रीत एकच. सराफ तारण पाहतो ते धातूचे. सोन्याचा कस आणि वजन ठरले की रक्कम ठरली; आतल्या यंत्राला तो शून्य किंमत देतो. म्हणूनच चांदीच्या किंवा निकेलच्या डबीतले उत्तम यंत्र तेथे कवडीमोलाने मिळू शकते. स्वस्ताईचे मर्म एवढेच आहे. ज्याला यंत्र ओळखता येते, त्यालाच ती लाभते.

ओळखावे कसे? प्रथम मागचे झाकण उघडावे. पुष्कळ घड्याळांना आत आणखी एक झाकण असते. बाहेरचे सोन्याचे असूनही आतले साध्या धातूचे असू शकते. वीस वर्षांची हमी कोरलेली डबी सोन्याची समजू नये. ती हमी वर चढवलेल्या पातळ पत्र्याची असते. इंग्रजी चांदीवर चालणाऱ्या सिंहाचा छाप असेल, तर ती शेकडा ९२.५ शुद्ध होय. त्याशेजारी बिबळ्याचे मस्तक असल्यास तपासणी लंडनची, नांगर असल्यास बर्मिंगहॅमची. स्विस चांदीवर रानकोंबडा हा ८०० चा आणि अस्वल ८७५ चा छाप आहे.

मग यंत्र पाहावे. वॉल्थम आणि एल्जिन या अमेरिकन घड्याळांचे साल यंत्रावरच्या क्रमांकावरून काढता येते; डबीवरचा क्रमांक त्या कामाचा नाही, कारण डब्या पुष्कळदा निराळ्या कारखान्यांतून येत. पंधरा माणकांचे यंत्र सर्वसाधारणपणे चांगले. रोस्कॉफने १८६७ साली श्रमिकांसाठी काढलेले स्वस्त घड्याळ इतिहास म्हणून मोलाचे असले, तरी त्याच्या पुढच्या असंख्य नकलांना भाव देऊ नये. घड्याळ आडवे, उभे आणि उपडे धरून तोलचक्र मोकळे फिरते का, ते पाहावे. घड्याळ खाली पडले की या चक्राचा नाजूक आस आधी मोडतो. पुन्हा रंगवलेली तबकडी आणि झाकणावर नव्याने कोरलेली रेल्वेची अक्षरे यांपासून सावध असावे. झाकण फटकन बंद करू नये. वरचे बटण दाबून अलगद मिटावे. आणि वाळलेल्या तेलावर घड्याळ चालवत ठेवू नये. आधी जाणत्या घड्याळजीकडून ते साफ करून घ्यावे.

परंतु बंधुभगिनींनो, स्वस्त वस्तूच्या पलीकडे एक माणूस उभा असतो, हे विसरून चालणार नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे गहाणदाराला वाजवी सूचना दिल्याशिवाय वस्तू विकता येत नाही. प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत ती सोडवण्याचा हक्क त्याला असतो, आणि कर्जाहून अधिक आलेली रक्कमही त्याचीच असते. तेव्हा खरेदी करताना सूचना दिली होती का, हे विचारावे व पावती मागावी. झाकणावर नाव कोरलेले असेल, तर त्या घरातले कोणी सोडवायला येणार आहे का, हेही विचारावे. ज्या पेढीवर याचे उत्तर मिळत नाही, तेथून रिकाम्या हाताने परतण्यात कमीपणा नाही.

याहून मोठी हानी वेगळीच आहे. सोन्याचा भाव चढला की सोन्याच्या डब्या मोडीत निघतात, आणि शंभर वर्षे चाललेले यंत्र भंगारात जाते. पेढीवरचा तराजू आजोबांची नोकरी तोलत नाही, त्यांची बदलीची गावे तोलत नाही. ते काम आपल्यालाच केले पाहिजे.

म्हणून आमची विनंती अशी. आपल्या कपाटातले घड्याळ विकण्यापूर्वी यंत्राची किंमत जाणत्याकडून करून घ्या. ते कोणाचे, कोठून आले, हे एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याबरोबर ठेवा. ते परदेशी मुलाकडे पाठवायचे असल्यास आधी चौकशी करा. शंभर वर्षांवरील कलाकारागिरीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो व त्यांच्या निर्यातीवर बंधन आहे. मंडळाने अशा घरगुती घड्याळांची एक नोंदवही ठेवली, तर तीत आपल्या येथवरच्या प्रवासाचा इतिहास आपोआप लिहिला जाईल.