आईच्या कोनाड्यातला दगड

आज बचतीचं नाही, दगडाचं बोलणार आहे. पण शेवटी गाडी वहीवरच येईल.

माझी आई खडी फोडायला जायची. एक दिवस तिने पदरात बांधून एक दगड आणला. आत पांढऱ्या, पिसासारख्या पाकळ्या आणि त्यावर काचेसारखे हिरवट खडे. कोनाड्यात देवाशेजारी तो वीस वर्षं राहिला. आम्ही त्याला गारगोटीच म्हणायचो.

पुढे कळलं, ही गारगोटी नव्हे. आपला काळा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. भाकरीत वाफेची पोकळी राहते, तशा त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या. नंतर झिरपलेल्या गरम पाण्यातून त्यात स्फटिक जमले. पाकळ्यांचा तो स्टिलबाईट, काचेसारखा तो अपोफिलाईट. स्टिलबाईटच्या जातीला झिओलाईट म्हणतात, म्हणजे उकळणारा दगड. 1756 साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने असा दगड तापवला, तर त्यातून वाफ निघून तो फसफसला. म्हणून हे नाव.

बोरघाटातून रेल्वे नेताना डोंगर फोडले, तेव्हाही असे स्फटिक निघाले आणि परदेशातल्या संग्रहांत गेले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हन्साईट तर जगभरचे संग्राहक शोधतात. नाशिक, जळगाव, अहिल्यानगरकडचे नमुनेही नावाजलेले. सिन्नरला गारगोटी नावाचं संग्रहालयच आहे. गटाची सहल काढाल तेव्हा जरूर बघा.

तिथे मी नमुन्यांजवळच्या चिठ्ठ्या वाचल्या. काय आहे, कुठे सापडलं. जाणकार आधी गाव विचारतो, मग दगड बघतो. कारण खाण बुजली की तिथला माल पुन्हा मिळत नाही. मग चिठ्ठी हाच त्या खाणीचा इतिहास.

घरी येऊन आईला विचारलं, "कुठल्या खाणीतला गं?" ती म्हणाली, "तीन खाणींवर होते बाई. आता कुठली सांगू?" त्यातल्या दोन बुजल्यात, तिसरीत पाणी भरलंय. दगड देखणा आहे, पण त्याचं गाव हरवलं. आणि आईची ती मजुरीही कुठेच लिहिलेली नाही.

म्हणून सांगते. घरात असा दगड असेल तर आजच चिठ्ठी लिहा. गाव, खाण, साल, आणि आणणारीचं नाव. आठवत नसेल तर अंदाजाने भरू नका, "माहीत नाही" लिहा. खोटी नोंद कोऱ्या जागेपेक्षा वाईट. दगड ॲसिडने धुऊ नका, चुलीजवळ ठेवू नका, मऊ कोरड्या ब्रशने झटका आणि एकेक वेगळा कागदात गुंडाळा. नवा गोळा करायचा तर खाणमालकाला विचारल्याशिवाय नाही, आणि सुरुंगाच्या वेळी किंवा कड्याखाली तर मुळीच नाही. विकायचा झाला तर परवानगी लागते का, हे तहसील कार्यालयात विचारून घ्या. दारात आलेल्याला घाईने देऊन टाकू नका.

दहा रुपयांची बचतही आपण तारीख टाकून लिहितो ना? मग डोंगर फोडलेल्या हातांची नोंद का नको?

आईच्या दगडाखाली मी लिहिलंय, "खाण माहीत नाही. आणला आईने." तुमच्या आईला आजच विचारा.