टीनाचा डाव



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत छापून आला, तेव्हा आमच्या आळीतील एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला भर रस्त्यात गाठले आणि विचारले, "काय हो, या वयात बंदुका उडवायच्या खेळावर बोलणार म्हणे? त्यापेक्षा मोरोपंतांवर बोला की." मी म्हणालो, "आपण या तर खरे." ते आले आहेत, दुसऱ्या रांगेत बसले आहेत, आणि त्यामुळे माझी जबाबदारी वाढली आहे.

हा खेळ मी प्रथम पाहिला तो माझ्या पुतण्याच्या मुलाच्या खोलीत. आतून स्फोटांचे आवाज येत होते आणि त्याबरोबर हा मुलगा खदखदा हसत होता. मारामारी चालली असता माणूस हसतो कसा, एवढ्याच कुतूहलाने मी शेजारी बसलो. पुढे तीन आठवडे रोज संध्याकाळी बसत गेलो, आणि शेवटी यंत्र स्वतःच्या हातात घेतले. माझा नेम फार वाईट आहे, हे आरंभीच कबूल करतो.

खेळाचे नाव 'बॉर्डरलँड्स २'. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या गिअरबॉक्स या संस्थेने तो तयार केला आणि २०१२ च्या सप्टेंबरात तो बाहेर आला. पडद्यावर आपल्याला आपले शरीर दिसत नाही. दिसते ती फक्त समोर धरलेली बंदूक आणि तिच्यापलीकडचे जग. ते जग म्हणजे पँडोरा नावाचा एक उजाड, लुटारूंनी भरलेला ग्रह. त्याच्यावर एका बड्या कंपनीचा मालक सत्ता गाजवू पाहतो. त्याचे नाव हँडसम जॅक, म्हणजे देखणा जॅक. हा मनुष्य चेहऱ्यावर चेहऱ्याचाच मुखवटा लावून हिंडतो आणि विनोद करीत करीत माणसे मारतो. आपण त्याच्याविरुद्ध लढावयाचे, पेट्या फोडावयाच्या, बंदुका गोळा करावयाच्या. या बंदुका कोणी एकेक करून काढलेल्या नाहीत. नळी, दस्ता, मूठ, दुर्बीण असे निरनिराळे सुटे भाग यंत्रच आपल्या मनाने जुळवीत जाते, आणि त्यामुळे त्यांचे प्रकार अक्षरशः लक्षावधी होतात. एखाद्या गृहिणीने शिळ्या सामानातून रोज नवी भाजी करावी, तसा हा प्रकार.

आता या खेळातील मरणाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. येथे आपण वारंवार मरतो. मी तर पहिल्या संध्याकाळी किती वेळा मेलो याची मोजदाद ठेवली नाही. मेल्यावर काय होते? जवळच्या एका खांबापाशी आपण पुन्हा उभे राहतो, आपल्या गाठीचे थोडे पैसे कापले जातात, आणि एक यांत्रिक बाई आपली थट्टा करते. गंमत अशी, की हा खांब त्या जॅकच्याच कंपनीचा! शत्रूच आपल्याला जिवंत करतो आणि त्याचे शुल्क घेतो. मरण इतके स्वस्त झाल्यावर त्याचे कोणाला काय वाटणार?

आणि तरीही या खेळात एक मनुष्य मरतो आणि परत येत नाही. त्याचे नाव रोलंड.

रोलंड कोण हे समजण्यासाठी जरा मागे जावे लागेल. याच मालिकेतला पहिला खेळ २००९ साली निघाला. त्यात खेळणाऱ्याने चार पात्रांपैकी एक निवडावयाचे असे. रोलंड हा शिपाईगडी, लिलिथ ही गूढ शक्ती असलेली स्त्री, मॉर्डेकाय हा दुरून नेम धरणारा शिकारी, आणि ब्रिक हा नुसत्या मुठींनी लढणारा धिप्पाड पुरुष. म्हणजे ज्यांनी तो पहिला खेळ खेळला, त्यांतील कित्येकजण महिनेच्या महिने स्वतः रोलंड होऊन वावरले होते. दुसऱ्या खेळात हे चौघे आपले वडीलधारे सोबती म्हणून भेटतात. रोलंड त्या बंडखोरांचा म्होरक्या असतो. आणि कथा ऐन रंगात असताना, एक मोठी लढाई जिंकली असे वाटत असतानाच, जॅक अकस्मात प्रकट होतो आणि त्याला गोळी घालतो. आपण तेथेच उभे असतो. आपल्या हातात बंदूक असते. पण काही करता येत नाही. यावेळी खांब नाही, शुल्क नाही, थट्टा करणारी बाई नाही. माझ्या शेजारचा तो मुलगा, ज्याने हे सारे पूर्वी दोनदा पाहिले होते, त्याक्षणी गप्प झाला आणि उगाच खिडकीबाहेर पाहू लागला.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर मी आजच्या विषयाशी येतो. मूळ खेळ निघाल्यानंतर त्याच्या काही पुरवण्या निघाल्या. त्यांतील चौथी मोठी पुरवणी २०१३ च्या जूनमध्ये आली. तिचे नाव 'टायनी टीनाज असॉल्ट ऑन ड्रॅगन कीप', म्हणजे चिमुकल्या टीनाची ड्रॅगनच्या गढीवरील स्वारी.

टीना ही तेरा वर्षांची पोरगी. आईबाप जॅकच्या कंपनीच्या प्रयोगात बळी गेलेले. ही एकटी निसटली आणि सुरुंग, बाँब यांत रमली. बोलणे विलक्षण, अर्धे बोबडे आणि अर्धे रस्त्यावरचे. जिवाला जीव देणारी, पण तिच्या हाती काडेपेटी देऊ नये अशी. तिचा आवाज अ‍ॅश्ली बर्च या अभिनेत्रीचा, आणि खेळाचा प्रमुख लेखक अँथनी बर्च हा तिचा सख्खा भाऊ. भावाने लिहावे आणि बहिणीने बोलावे, असा हा घरगुती मामला आहे. टीनाच्या बोलण्यात जो मोकळेपणा आहे तो त्यातूनच आला असावा, असा आपला माझा तर्क.

पुरवणीचा प्रारंभ असा: लढाई संपली आहे, जॅक मेला आहे. टीना एक मेज मांडते, फासे काढते आणि लिलिथ, मॉर्डेकाय, ब्रिक यांना खेळावयास बसविते. हा खेळ म्हणजे १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची नक्कल होय. ज्यांना तो ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या सोंगट्यांच्या पटावर घरे ठरलेली असतात, दान पडेल तशी सोंगटी चालते. या खेळात पट बहुतांशी मनातच असतो. एकजण सूत्रधार होतो आणि सांगतो, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी आला आहात, आत काहीतरी घोरते आहे." बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने म्हणतात, "मी मशाल पेटवतो," "मी पळतो." ते साधते की नाही, हे वीस बाजूंच्या फाशाने ठरावयाचे. सूत्रधाराचा शब्द हा त्या जगाचा कायदा.

येथे टीना सूत्रधार आहे. ती बोलते आणि आपण, म्हणजे यंत्र हातात धरलेला खेळाडू, त्या बोलण्याच्या आत उभे असतो. ही कल्पना मला अत्यंत सुंदर वाटली. गोष्ट सांगणारी गोष्ट बदलील तसे आपल्या पायाखालचे जग बदलते. आरंभालाच ती आपल्यापुढे एक अजस्र ड्रॅगन सोडते. तो आपल्याला एका फटक्यात भाजून काढतो. लिलिथ तक्रार करते, की पहिल्याच पायरीवर असे कोणी करते काय? टीना कुरकुरते, ड्रॅगन परत घेते आणि त्याच्याऐवजी एक साधा सांगाडा उभा करते, तोही हास्यास्पद नावाचा. पुढे बुटक्यांच्या खाणीत जावयाचे असते. बुटक्यांशी सख्य करून त्यांची मदत मिळवावी अशी सूत्रधाराची योजना. राजा सामोरा येतो, आणि ब्रिक जाहीर करतो, की मी त्याला ठोसा मारतो! झाले. राजा संपतो, सारी खाण आपल्यावर उलटते, आणि भोगावे लागते ते आपल्याला. ठोसा मारणारा ब्रिक तिकडे मेजाशी सुखरूप. कीर्तनकाराने आख्यान लावावे आणि श्रोत्यांतून एखाद्याने उठून हनुमंताला भलतीकडेच उडावयास सांगावे, असा तो प्रसंग.

विनोदाचे असे किती मासले सांगू? डोक्यात तलवार रुतलेले सांगाडे गोळ्यांनी मरत नाहीत; जवळ जाऊन ती तलवार उपसावी लागते, आणि ते काम माझ्यासारख्याला फार अवघड जाते. पेटी उघडावी तर पेटीच दात काढून चावते. हातबाँबाच्या जागी मंत्र येतात, पण बंदुका मात्र तशाच राहतात. टीनाला बंदुकीवाचून परीकथा सुचतच नाही. गढीत कोंडलेली राणी म्हणजे हिऱ्यांची एक घोडी. तिचे नाव या व्यासपीठावरून उच्चारण्यासारखे नाही. जिज्ञासूंनी मला नंतर भेटावे. सारेच विनोद उच्च अभिरुचीचे आहेत असे मी म्हणणार नाही. काही पोरकट आहेत आणि काही दोनदा सांगितले आहेत. गढीचे मजले चढतानाची मारामारी तर मला सरळ कंटाळवाणी वाटली.

पण या सर्व हसण्याखिदळण्यात एक गोष्ट अधूनमधून कानावर येते आणि प्रथम आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो. टीना मधेच म्हणते, की रोलंडची वाट पाहावयास हवी. तो आला म्हणजे बरे होईल. मेजाभोवती क्षणभर कोणी बोलत नाही. मग पुन्हा फासे पडतात. तीन जुने सोबती बसले आहेत आणि चौथ्याची जागा रिकामी आहे, हे आपल्या ध्यानात येते. कथेतला दुष्ट जादूगार जॅकच्या आवाजात बोलतो. आणि कथेत शुभ्र चिलखत घातलेला एक सरदार येतो. तो रोलंड असतो. मारणारा आणि मेलेला, दोघांनाही तिने आपल्या पटावर आणून बसविले आहे. एका मोहिमेचे नाव 'डिनायल, अँगर, इनिशिएटिव्ह' असे आहे. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात दुःखाच्या ज्या पायऱ्या सांगितल्या, त्यांतील नकार आणि राग या पहिल्या दोन. आणि तिसरा शब्द फाशांच्या खेळातला, पहिली चाल कोणाची हे ठरविणारा. थट्टेत थट्टा म्हणून लेखकाने सारे सांगून टाकले आहे.

सोबत्यांना काय करावे ते कळत नाही. लिलिथ तर स्वतःच होरपळलेली आहे. रोलंडवर तिचे एके काळी प्रेम होते. मुलीला स्पष्ट सांगावे की नाही? तिच्या कल्पनेला खतपाणी घातले तर ती वेडी होईल, असे मोठ्या माणसाला वाटते. तसे मलाही एकदा वाटले होते. आमचे थोरले बंधू वारले, त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने त्यांची नात अंगणात भातुकली मांडून बसली होती. चुरमुरे, गूळ, पळसाच्या पानांच्या पत्रावळी. एक पान तिने वेगळे मांडले होते आणि त्याच्याशी बोलत होती. "आजोबा, अजून वाढू का?" मी पुढे होऊन ते पान उचलले आणि शक्य तितक्या मृदू आवाजात म्हणालो, "बाळ, आजोबा देवाघरी गेले. आता त्यांचे पान मांडायचे नाही." तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मीच मूर्ख असावा. म्हणाली, "मला माहीत आहे. पण ही भातुकली माझी आहे ना?" आणि पान माझ्या हातातून परत घेतले.

गढीच्या शेवटाशी टीनाचे सोबतीही हेच करावयास जातात. रोलंड गेला, तो आता येणार नाही, असे तिला सांगतात. आणि ती उसळून म्हणते, की तो मेला हे मला ठाऊक आहे, पण ही गोष्ट माझी आहे. मला त्या वेळी पडद्यावरचे नीट दिसेना, आणि पुतण्याच्या मुलाने हे पाहूनही न पाहिल्यासारखे केले, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पुढे कोणी वाद घालीत नाही. तिच्या गोष्टीत रोलंड जिवंत राहतो. मेजावरचे लोक फासे टाकीत राहतात.

हा प्रसंग साधतो याचे कारण आपण मघाशी पाहिलेले स्वस्त मरण होय, असे मला वाटते. पैसे टाकून उठता येणाऱ्या जगात एकाला उठता येत नाही. त्याला उठविण्याचे सामर्थ्य त्या जगातल्या कोणत्याही यंत्रात नाही, ते फक्त गोष्टीत आहे. आणि ती गोष्ट सांगणारी पोरगी विनोद केल्यावाचून एक वाक्य बोलू शकत नाही. विदूषकाच्या तोंडी करुण घालावयाचा म्हणजे फार जोखमीचे काम. थोडे कमी पडले तर बाष्कळ, थोडे अधिक झाले तर रडके. येथे ते तोलून धरले आहे ते टीना शेवटपर्यंत शहाणी होत नाही म्हणून.

आता एक व्यावहारिक सूचना. ही पुरवणी २०२१ च्या नोव्हेंबरात स्वतंत्र खेळ म्हणून पुन्हा निघाली, आणि २०२२ च्या मार्चमध्ये 'टायनी टीनाज वंडरलँड्स' या नावाचा तिच्याच धर्तीचा मोठा खेळ आला. कोणी उत्साहाने एकदम ती सुटी पुरवणी घेईल. विनोद कळेल, सांगाडे पडतील, घोडी सुटेल. पण ज्याने रोलंडला डोळ्यांदेखत पडताना पाहिले नाही, त्याला मेजाशी रिकामी असलेली ती जागा दिसणार कशी? तेव्हा घरातल्या मुलाला आधी मूळ खेळ लावावयास सांगा, आणि शेजारी खुर्ची घेऊन बसा. तीस-एक तास लागतात. दुसऱ्या रांगेतील आमच्या मित्रांनी उद्या संध्याकाळी घरी यावे. यंत्र लावलेले असेल, आणि नेम धरण्याचे काम पोरगा करील.